इकोचा आकडा आणि खाडीचे पाणी

मालवण तालुक्यातील मसुरे गावात आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा जवळ आली की मुंबईचे चाकरमानी गावाकडे येतात. घर भरते. आणि एखाद्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, कपाटातली एक प्लास्टिकची पिशवी बाहेर येते. तिच्यात वडिलांचे रिपोर्ट असतात. मुलगा ते तारखेप्रमाणे लावतो आणि एकच ओळ शोधतो. बाजूला बसलेले काका विचारतात, "पंपिंग किती इला?"

असे घर कोकणात कुठेही असू शकते. आपण उदाहरणापुरते एक घर धरू. बासष्ट वर्षांच्या वडिलांना वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. कणकवलीत पहिली टू-डी इको झाली तेव्हा पंपिंग ४० टक्के लिहून आले. चार महिन्यांनी मुलाने मुंबईला नेऊन पुन्हा तपासणी केली, तेव्हा ४७ टक्के. घरात आनंद झाला. काका म्हणाले, "आता औषद कित्याक व्हया?" पुढे पावसाळ्यात कणकवलीत तिसरी इको झाली. या वेळी ३९ टक्के. घर पुन्हा चिंतेत पडले. गोळ्या चुकल्या का? मुंबईचे डॉक्टर बरे होते का? शेतातले काम अंगावर आले का?

या सगळ्या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. वडिलांच्या हृदयात खरोखर काही बदलले का? ४०, ४७ आणि ३९ या तीन आकड्यांवरून तसे ठामपणे सांगता येत नाही. हे तिन्ही आकडे एकाच, जराही न बदललेल्या हृदयाचे असू शकतात.

पंपिंग म्हणजे नेमके काय

आपण ज्याला 'पंपिंग' म्हणतो त्याला डॉक्टर 'इजेक्शन फ्रॅक्शन' किंवा थोडक्यात 'ईएफ' म्हणतात. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त सगळ्या शरीराला जाते. हा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्यात जितके रक्त असते, त्यातील किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते म्हणजे ईएफ. कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त होते आणि आकुंचनानंतर ५४ उरले, तर ६६ मिलिलिटर बाहेर गेले. म्हणजे ईएफ ५५ टक्के.

इथे एक गैरसमज आधी दूर करू. हा आकडा परीक्षेतील गुणांसारखा शंभरपैकी नसतो. निरोगी हृदयही सगळे रक्त कधीच बाहेर फेकत नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के ही सामान्य मर्यादा आहे. त्यामुळे ५५ टक्के पाहून 'जेमतेम पास झालो' असे वाटण्याचे कारण नाही. हा आकडा सामान्य मर्यादेतलाच असतो.

हे मोजण्याची पद्धत स्वीडनमधली. लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये ध्वनिलहरींनी धडधडते हृदय पहिल्यांदा टिपले. त्यांनी सुरुवातीला हाताळलेले उपकरण जहाजबांधणीच्या कारखान्यातले होते. धातूच्या पत्र्यातील भेगा शोधण्यासाठी ते वापरत. तत्त्व आजही तेच आहे. कानाला ऐकू न येणारा आवाज छातीत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे.

एका चमच्याचा फरक

चित्र पडद्यावर उमटते, पण ईएफचा आकडा त्यात लिहिलेला नसतो. तो काढावा लागतो. रूढ पद्धतीत तपासणारी व्यक्ती कप्पा पूर्ण भरलेला असतानाचे एक चित्र थांबवते आणि त्याच्या आतल्या कडेवरून रेघ ओढते. मग कप्पा सर्वांत लहान झालेला असतानाच्या चित्रावर तशीच रेघ ओढते. हेच दुसऱ्या बाजूने दिसणाऱ्या चित्रावरही करते. या रेघांवरून यंत्र कप्प्याचे आकारमान काढते आणि त्यावरून टक्केवारी.

अडचण कडेची आहे. हृदयाची आतली भिंत गुळगुळीत नसते, तिच्यावर स्नायूंच्या बारीक घड्या असतात. फुप्फुसातली हवा आणि बरगड्या आवाजाच्या वाटेत येतात. धूम्रपान केलेल्या किंवा स्थूल व्यक्तीत चित्र आणखी धूसर होते. अशा वेळी रेघ एक-दोन मिलिमीटर आत जाईल की बाहेर, हे तपासणाऱ्याच्या नजरेवर ठरते.

वरचेच उदाहरण पुन्हा पाहू. उरलेले रक्त ५४ ऐवजी ६० मिलिलिटर मोजले गेले, तर ईएफ ५५ वरून ५० टक्क्यांवर येते. फरक फक्त ६ मिलिलिटरचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून थोडा अधिक. त्यातच भरलेल्या कप्प्याचे आकारमान १२० ऐवजी ११६ आले, तर उत्तर ४८ टक्के येते. हृदय तेच, यंत्र तेच, तपासणारा कदाचित तोच. आकडा मात्र सात अंकांनी खाली.

अनेक ठिकाणी रेघाही ओढल्या जात नाहीत. अनुभवी डॉक्टर हृदयाचे आकुंचन पाहतो आणि नजरेने अंदाज देतो. म्हणून रिपोर्टांवर ३५, ४०, ५५, ६० असे पाचच्या पटीतले आकडे इतके दिसतात. सरावलेली नजर वाईट नसते. पण अंदाजाने दिलेले ४० आणि मोजून काढलेले ४३ यांची वजाबाकी करून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

पट्टी आणि पाणी

मसुऱ्याला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. गड नदी भरतगडाच्या पायथ्याजवळून कालावल खाडीच्या रूपाने समुद्राकडे जाते. खाडीत एक काठी रोवून तिच्यावर पाण्याची उंची वाचायची ठरवली, तर वाचन दोन कारणांनी बदलेल. पहिले म्हणजे पाणीच बदलते. दिवसात दोनदा भरती, दोनदा सुकती, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण. दुसरे म्हणजे वाचणारा बदलतो. एकजण लाटेच्या माथ्यावरचा आकडा घेतो, दुसरा तिच्या तळाचा.

हृदयातही या दोन्ही गोष्टी असतात. रक्तदाब वाढलेला असेल तर हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, आणि ईएफ तेवढ्यापुरती कमी दिसू शकते. शरीरातले पाणी कमी-जास्त झाले, नाडीचा वेग बदलला, ताप असला, तरी आकडा हलतो. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असतात, त्यांचा प्रत्येक ठोका वेगळे रक्त फेकतो. म्हणून अशा रुग्णांत पाच किंवा अधिक ठोक्यांची सरासरी घ्यायला सांगतात. हे झाले पाण्याचे बदलणे. रेघ ओढण्यातला, छातीवर यंत्राचे टोक कोणत्या कोनात धरले त्यातला आणि एका कंपनीच्या यंत्रात व दुसरीच्या यंत्रातला फरक, हे झाले वाचण्याचे बदलणे.

या दोन्हींच्या खाली तिसरी गोष्ट असते आणि खरी काळजी तिचीच करायची असते. नदीच आटत चालली आहे का? म्हणजे हृदयाचा स्नायू खरोखर कमजोर होतो आहे का? दुपारी सुकतीला एकदा काठी वाचून 'नदी आटली' म्हणणारा माणूस मसुऱ्यात हसण्यावारी जाईल. इकोच्या एका आकड्यावर मात्र आपण सहज विश्वास टाकतो.

दहाचा आकडा कुठून येतो

मग किती फरक पडला की तो खरा मानायचा? याचे उत्तर संख्याशास्त्र देते.

एकाच रुग्णाची, हृदय स्थिर असताना, पुन्हा पुन्हा इको केली तर आकडे एका सरासरीभोवती विखुरतात. हे विखुरणे मोजण्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. समजा, ते ३.५ अंक आहे. तर शंभरपैकी सुमारे ९५ वेळा मिळणारा आकडा खऱ्या आकड्याच्या आसपास ७ अंकांत असेल. पण दोन इकोंची तुलना करताना दोन्ही मोजमापांतली चूक एकत्र येते. एक चुकून खाली, दुसरी चुकून वर, असेही होऊ शकते. म्हणून दोहोंतला निव्वळ योगायोगाचा फरक ७ पर्यंत थांबत नाही, सुमारे १० पर्यंत जातो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांच्या इको वर्षभर ठरावीक अंतराने केल्या होत्या. ज्यांचे हृदय इतर मापांनी स्थिर होते, अशांच्याच आकड्यांची त्यांनी तुलना केली. नेहमीच्या टू-डी पद्धतीत ईएफ कोणतेही कारण नसताना दहा किंवा त्याहूनही अधिक अंकांनी हलत होती. थ्री-डी इकोत हा फरक सुमारे सहा अंकांवर आला. आणि ही मोजमापे नामवंत प्रयोगशाळेत, काळजीपूर्वक केलेली होती. दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या यंत्रांवर केलेल्या इकोंकडून याहून चांगली अपेक्षा कशी करणार?

दोन मोजमापे एकमेकांशी कितपत जुळतात, हे तपासण्याची आज जगभर वापरली जाणारी रीत मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्याआधी बहुतेक संशोधक दोन यंत्रांचे आकडे एकत्र वाढतात-घटतात एवढे पाहून समाधान मानत. ते पुरेसे नाही हे मासळी बाजारात लगेच कळते. एका विक्रेत्याचा काटा प्रत्येक वजनाला दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो दुसऱ्या काट्याच्या बरोबरीनेच वाढेल आणि घटेल. म्हणून काय तो खरा ठरत नाही. गिऱ्हाइकाला काळजी फरकाची असते. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी डॉक्टरांना हेच सांगितले. फरक मोजा, आणि तो किती पसरतो ते पाहा.

साताऱ्याच्या सुखात्म्यांचा धडा

एकाच माणसातला हा चढउतार किती महत्त्वाचा असतो, हे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने वेगळ्याच क्षेत्रात फार पूर्वी मांडले होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि तिथे पीएचडी मिळवली. १९५१ ते १९७० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्राचे काम पाहत होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास आला. रोज माणशी २२५० कॅलरी मिळतील एवढ्या खर्चावर त्यांनी दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्म्यांचा आक्षेप अशा रेषांना होता. एकाच निरोगी माणसाची कॅलरींची गरज आणि त्याचे खाणे दर दिवशी, दर आठवड्याला बदलते. मग एका पाहणीच्या दिवशी कोणी सरासरी रेषेखाली आढळला, तर तो उपाशी आहे असे कसे म्हणायचे? रेषेखालच्या लोकांत खरे भुकेले असतात आणि त्या दिवशी कमी जेवलेले धडधाकटही असतात. सुखात्म्यांनी यातून काढलेल्या पुढच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, आणि अनेक पोषणतज्ज्ञांना ते पटले नाहीत. पण त्यांचा मूळ प्रश्न इकोलाही लागू पडतो. बदलत्या गोष्टीचे एकच मोजमाप घेतले आणि मध्ये रेषा आखली, की रेषेच्या काठावरची माणसे चुकीच्या बाजूला पडतात.

रेषेच्या काठावर

हृदयविकारात अशा रेषा पुष्कळ आहेत. ईएफ ४० किंवा कमी असेल तर एक गट, ४१ ते ४९ दुसरा, ५० किंवा त्याहून वर तिसरा. औषधांची निवड त्यावर ठरते. ईएफ ३५ किंवा त्याखाली असेल, तर अचानक होणाऱ्या घातक अनियमित ठोक्यांपासून वाचवण्यासाठी छातीत झटका देणारे यंत्र बसवण्याचा विचार होतो. त्याचा खर्च लाखांत जातो. स्तनाच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅब हे औषध घेणाऱ्या स्त्रियांची दर तीन महिन्यांनी इको होते. ईएफ दहा अंकांनी उतरून ५० च्या खाली गेली, तर जीव वाचवणारे ते औषध थांबवायचे का, हा प्रश्न उभा राहतो.

खरी ईएफ ३५ च्या आसपास असलेल्या माणसाचा रिपोर्ट ३३ येऊ शकतो, ३९ही येऊ शकतो. एकीकडे गरज नसताना यंत्र बसेल, दुसरीकडे गरज असताना राहून जाईल. म्हणूनच झटका येऊन गेल्यावर यंत्राचा निर्णय लगेच न घेता किमान ४० दिवस थांबावे, औषधे पूर्ण प्रमाणात द्यावीत आणि मग पुन्हा मोजावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हृदयाला सावरायला वेळ मिळतो, शिवाय दुसरे मोजमापही हाती येते. अनेक मोजमापांची सरासरी जास्त भरवशाची असते. चार मोजमापांच्या सरासरीतली चूक एका मोजमापाच्या निम्मी होते.

पहिला वाईट, दुसरा बरा

आणखी एक सापळा आहे. दुसरी इको बहुधा त्याच माणसाची लवकर होते, ज्याची पहिली वाईट आली. पहिला आकडा फारच खाली असतो तेव्हा त्यात थोडे दुर्दैव मिसळलेले असण्याची शक्यता जास्त असते. रेघ थोडी बाहेर गेली, रक्तदाब चढलेला होता, असे काही. दुसऱ्या वेळी ते सगळे पुन्हा जुळून येत नाही, आणि आकडा आपोआप थोडा वर सरकतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात हे पाहिले होते. फार उंच आई-वडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीकडे थोडी झुकलेली.

दरम्यान कोणी काढा सुरू केलेला असतो, कोणी डॉक्टर बदललेला असतो. आकडा वर गेला की श्रेय त्याला मिळते.

यातून होणारे सर्वांत मोठे नुकसान म्हणजे गोळ्या बंद करणे. आकडा खरोखर सुधारला असला तरी ते धोक्याचे असते. ब्रिटनमध्ये हृदयाचा स्नायू कमजोर होऊन नंतर औषधांनी पूर्ण सावरलेल्या ५१ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्या २५ जणांची औषधे हळूहळू थांबवली, त्यांच्यापैकी ११ जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. औषधे चालू ठेवलेल्यांपैकी त्या काळात कोणाचाही उलटला नाही. आपल्या उदाहरणातील वडिलांचा आजार थोडा वेगळा आहे, पण ४७ पाहून 'औषद कित्याक व्हया' म्हणणाऱ्या काकांना हे सांगायलाच हवे.

मग करायचे काय

इको निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. झडपांचे दोष, हृदयाभोवती साचलेले पाणी, झटक्याने निकामी झालेला भिंतीचा भाग, हे सारे ती काही मिनिटांत, वेदनेविना, किरणोत्साराविना दाखवते. ईएफ ६० आहे की २५, हे ती सहसा चुकवत नाही. सावध राहायचे ते लहान फरकांबाबत.

शक्य असेल तर पुढची इको त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर, त्याच व्यक्तीकडून करून घ्या. दुसऱ्या शहरात जावे लागलेच, तर फक्त रिपोर्ट नेऊ नका. जुन्या इकोची सीडी किंवा चित्रफीतही मागून घ्या. जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून एकाच डॉक्टरने पाहिली, तर वाचणारा बदलल्याने येणारा फरक बराच कमी होतो. ईएफ मोजून काढली की नजरेने, हे विचारायला संकोचू नका. तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि नाडी रिपोर्टावर लिहून घ्या.

आकड्यांची एक वही करा, आणि त्याच वहीत वजनही लिहा. किती पायऱ्या चढल्यावर धाप लागते, रात्री किती उशा लागतात, संध्याकाळी पाय सुजतात का, हेही टिपा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन वाढले, आडवे झाल्यावर श्वास कोंडू लागला, पायांवर सूज चढली, तर शेवटच्या इकोत आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांकडे जायलाच हवे. तसेच आकडा एकाच दिशेने तीन-चार वेळा उतरत गेला, किंवा एकदम पंधरा अंकांनी पडला, तर त्याला योगायोग म्हणून सोडू नये. आणि कोणताही आकडा पाहून, वर असो की खाली, स्वतःहून गोळी बंद करू नये.

मसुऱ्याच्या त्या घरातील वडिलांकडे पुन्हा पाहू. ४०, ४७, ३९. सरासरी ४२. वर्षभरात वजन स्थिर, धाप वाढलेली नाही, बाजारापर्यंत चालत जाता येते. या माहितीवरून एवढेच म्हणता येते की हृदय झटक्यातून पूर्ण सावरलेले नाही, पण ढासळतानाही दिसत नाही. मुंबईने चमत्कार केला नाही आणि पावसाळ्याने घात केला नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितल्यास त्याच ठिकाणी पुन्हा इको करायची. पिशवी कपाटात ठेवण्याआधी मुलाने वहीत तारखेपुढे वजन लिहिले, तर पुढच्या जत्रेला काकांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याच्याकडे एका आकड्याहून बरेच काही असेल.